कालवणातली भाजी कुठे गेली?

रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या तक्रारीसाठी आलेल्या माणसाला “रोज भाजी खाता का?” असे विचारले की उत्तर ठरलेले असते. “खातो की! दोन्ही वेळेला कालवण असतंयच.” मग दुसरा प्रश्न विचारावा लागतो, “त्या कालवणात भाजीच्या फोडी किती येतात वाट्याला?” यावर बहुतेक जण हसतात आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे पाहतात. ती मात्र हसत नाही.

आपण हिशेबच करून पाहू. सहा माणसांचे घर आहे. पाव किलो वांगी, एखादा बटाटा, पळीभर तेल, दोन चमचे चटणी, मूठभर दाण्याचे कूट आणि वरून तांब्याभर पाणी. झाले कालवण. पाव किलो वांगी सहा जणांत वाटली तर एकाच्या वाट्याला जेमतेम ४० ग्रॅम येतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तिच्यात दोन हजार कॅलरीच्या आहारासाठी पालेभाज्या धरून दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम भाजी सांगितली आहे. जागतिक आरोग्य संघटना तर बटाट्याला भाजीत धरतच नाही. म्हणजे आपण दोन्ही वेळेला कालवण खातो हे खरे असले, तरी भाजी खातो असे म्हणता येईल की नाही याची शंकाच आहे.

रश्शाचा आणखी एक गुण असा की तो वाढवता येतो. ऐनवेळी पाहुणा आला की पातेल्यात वाटीभर पाणी आणि चिमूटभर मीठ पडते. पाहुण्याला कमी पडत नाही, घराची अब्रू राहते. पण पातेल्यातली फोड काही वाढत नाही. पहिल्या पंगतीला पुरुष आणि मुले बसतात, त्यांच्या वाटीत फोडी जातात. शेवटी सासू-सुना बसतात तेव्हा पातेल्याच्या तळाला तिखट पाणी उरलेले असते. ते भाकरीवर घेऊन त्या उठतात आणि कुणी विचारले तर “जेवलो की” म्हणतात. २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचे आढळले. त्याची कारणे अनेक आहेत, सगळा दोष कालवणावर ढकलणे बरोबर नाही. पण ताटात शेवटी काय उरते हा त्यातला एक प्रश्न आहे, आणि रस्सा तो प्रश्न झाकून टाकतो.

म्हणून आजच्या लेखात दक्षिणेकडच्या एका साध्या परतलेल्या भाजीची शिफारस करायची आहे. तमिळ घरात तिला पोरियल म्हणतात, केरळात जवळजवळ अशाच भाजीला तोरन म्हणतात आणि कर्नाटकात पल्य. हा शेवटचा शब्द आपल्या सांगली जिल्ह्याला परका नाही. जत तालुक्यातल्या कानडी बोलणाऱ्या घरांत तो रोज ऐकू येतो.

गंमत पाहा. दक्षिणेकडच्या खाण्यातून आपण इडली घेतली, डोसा घेतला, मेदूवडा तर फारच आवडीने घेतला. तालुक्याच्या गावीही सकाळी हे पदार्थ मिळतात. पण तिथला माणूस घरी दुपारच्या जेवणात रोज जी भाजी खातो, ती मात्र आपल्याकडे आलीच नाही. याचे कारण उघड आहे. हॉटेलवाला विकतो ते आपण शिकतो. परतलेली कोबीची भाजी हॉटेलात कोण मागणार? आपण हॉटेलातले तेवढे उचलले आणि घरातले तिकडेच ठेवले.

या भाजीचे तंत्र थोडक्यात असे, की भाजी बारीक चिरायची, थोड्या तेलात डाळींची फोडणी करायची, पाण्याचा नुसता हबका मारून झाकण ठेवायचे आणि भाजीला स्वतःच्या वाफेत शिजू द्यायचे. चटणी नाही, वाटण नाही, रस्सा नाही. शेवटी थोडे ओले खोबरे.

आता कृती सविस्तर सांगतो, कारण अशा साध्या भाज्या बिघडतात त्या बारीकसारीक गोष्टींनी.

चार माणसांसाठी अर्धा किलो श्रावण घेवडा घ्या. आधी धुवा आणि मग चिरा. चिरून पाण्यात टाकून ठेवण्याची सवय वाईट, कारण क जीवनसत्त्व आणि काही ब जीवनसत्त्वे पाण्यात विरघळतात आणि त्या पाण्याबरोबर मोरीत जातात. शिरा काढून घेवडा अगदी बारीक, हरभऱ्याच्या दाण्याएवढा चिरावा. हे काम वेळखाऊ आहे हे मान्य. म्हणूनच ते एकट्या बाईवर टाकू नये. संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या कुणाच्याही पुढ्यात विळी आणि ताट ठेवता येते. विळी नको असेल तर सुरी द्या.

लोखंडी किंवा जाड बुडाच्या कढईत दोन लहान चमचे तेल तापवा. शेंगदाण्याचे चालेल, करडईचे चालेल. मोहरी टाका आणि ती पूर्ण तडतडू द्या, अर्धी कच्ची मोहरी कडू लागते. मग आच मंद करून एक चमचा उडदाची डाळ आणि एक चमचा हरभऱ्याची डाळ घाला. उडदाची डाळ पाहून बिचकू नका. आपल्याकडे उडदाचे घुटे करतात, तीच ही डाळ, फक्त इथे ती फोडणीत कुरकुरीत होण्यासाठी घालायची. तिचा रंग बदामी झाला की लगेच दोन सुक्या मिरच्यांचे तुकडे, कढीपत्त्याची आठ-दहा पाने आणि चिमूटभर हिंग टाकावे. सगळे लक्ष या अर्ध्या मिनिटाकडे हवे. डाळ काळी पडली तर संपूर्ण भाजीला करपट वास येतो आणि घरातले लोक पुन्हा हे नाव काढू देत नाहीत.

आता घेवडा टाका, हळद टाका, अर्धा चमचा मीठ टाका आणि हलवा. वाटीचा चौथा हिस्सा पाणी शिंपडा. कढईवर ताटली ठेवून तिच्यात थोडे पाणी घाला आणि मंद आचेवर आठ-दहा मिनिटे ठेवा. ताटलीत पाणी ठेवून वाफ काढणे ही रीत आपल्या आज्यांना चांगली ठाऊक होती. प्रेशर कुकर आला आणि ती मागे पडली. तशी वाफेवरच्या शिजवण्याची आपल्याला परंपरा नाही असे नव्हेच. नागपंचमीला बत्तीस शिराळ्यात काय किंवा आसपासच्या गावांत काय, चिरायचे नाही, तळायचे नाही, तवा ठेवायचा नाही म्हणून पुरणाची दिंडे वाफवूनच होतात. वर्षातून एक दिवस जी वाफ चालते ती इतर दिवशीही चालावी.

मध्ये एकदा झाकण काढून भाजी खालीवर करा. घेवडा मऊ झाला पाहिजे, पण दाताखाली थोडा जाणवला पाहिजे आणि रंग हिरवा राहिला पाहिजे. रंग हिरवागार राहावा म्हणून काही जण खाण्याचा सोडा टाकतात. तसे करू नये, सोड्यामुळे ब-१ आणि क ही जीवनसत्त्वे नष्ट होतात. शेवटी झाकण काढून उरलेले पाणी आटू द्या, गॅस बंद करा आणि दोन मोठे चमचे खोवलेले खोबरे मिसळा. खोबरे शिजवायचे नाही, ते भाजीच्या उष्णतेने ऊन झाले की पुरे. वर लिंबू पिळले तर चव येतेच, शिवाय भाजी-भाकरीतले लोह अंगी लागायला मदत होते. जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर नेमके उलटे होते, हे जाता जाता सांगून ठेवतो.

हीच कृती कोबीला चालते, फक्त पाणी शिंपडायची गरज नाही आणि पाच-सहा मिनिटे पुरतात. गाजर, बीट, गवारी, तोंडली, पडवळ, दोडका, कोवळा दुधी, केळफूल या सर्वांना ती चालते. भेंडीवर मात्र झाकण ठेवू नका, चिकट होईल. गवारीला वेळ जास्त लागतो. बटाट्याचीही अशी भाजी होते आणि छान होते, पण ती केली तर त्या दिवशी भात किंवा भाकरी तेवढी कमी घ्यायची, ती भाजी म्हणून मोजायची नाही.

आता हिशेब मांडू. दोन लहान चमचे तेल म्हणजे साधारण १० ग्रॅम. तीस ग्रॅम ओल्या खोबऱ्यात सुमारे १० ग्रॅम स्निग्धांश असतो. एकूण २० ग्रॅम, चार माणसांत वाटल्यास प्रत्येकी ५ ग्रॅम. आणि भाजी प्रत्येकी सव्वाशे ग्रॅम. दोन्ही वेळेला अशी भाजी झाली तर अडीचशे ग्रॅम होते. चारशेचा पल्ला अजून दूर राहिला, पण चाळिसापेक्षा किती तरी पुढे आलो की नाही? उरलेल्यासाठी काकडी, मुळा, कांद्याची पात, टोमॅटो आहेच.

तेलाचे प्रमाण घरात किती आहे हे कळण्यासाठी ग्रॅम मोजत बसायला नको. बैठे किंवा बेताचे काम करणाऱ्याला रोज फार तर ३० ग्रॅम तेल धरले तरी १५ किलोचा डबा पाच माणसांच्या घरात शंभर दिवस पुरायला हवा. डबा आणला की त्याच्यावर खडूने तारीख लिहा. दोन महिन्यांत तळ दिसू लागला तर कुणाला काही सांगावे लागणार नाही, डबाच बोलेल. ऊसतोडीला किंवा रानात दिवसभर राबणाऱ्याला यापेक्षा जास्त चालते, त्याने कट पाहून घाबरू नये. कट बाधतो तो दुकानाच्या गल्ल्यावर बसणाऱ्याला.

उलट टोकाची माणसेही भेटतात. कुठे तरी वाचून ती बिनतेलाची भाजी खाऊ लागतात. पण गाजरातले आणि पालेभाजीतले कॅरोटीन, ज्यापासून शरीर अ जीवनसत्त्व तयार करते, ते अंगी लागण्यासाठी थोडा स्निग्धांश लागतोच. चमचाभर तेल हे भाजीचे शत्रू नव्हे.

मिठाचा मुद्दा तेलापेक्षा महत्त्वाचा आहे, कारण तो दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते, म्हणजे एक सपाट चहाचा चमचा, आणि त्यात पापड, लोणचे, खर्डा, फरसाण सगळे आले. आपण कालवणात मीठ टाकतो ते भाजीला नव्हे, पाण्याला टाकतो. लिटरभर रश्शाला चव यायची तर दीड-दोन चमचे मीठ लागते. अर्धा किलो परतलेल्या भाजीला अर्धा चमचा पुरतो. घरच्या चटणीतही मीठ असते, ते वेगळेच. रक्तदाबाची गोळी नियमित घेऊनही ज्यांचा दाब उतरत नाही, त्यांनी डॉक्टर बदलण्याआधी एकदा कालवणाच्या पातेल्याकडे पाहावे.

खोबऱ्याविषयी दोन शब्द. दक्षिणेत नारळ परसात असतो, आपल्याला तो विकत घ्यावा लागतो आणि अलीकडे तो स्वस्त राहिलेला नाही. म्हणून खोबऱ्यावाचून ही भाजी अडू देऊ नका. आपल्या भागात भुईमूग आहे. भाजलेल्या दाण्याचे जाडसर कूट दोन चमचे शेवटी भुरभुरले तरी भाजी उत्तम लागते. तमिळ माणूस कदाचित तिला पोरियल म्हणणार नाही, त्याला आपला इलाज नाही. फक्त ते दोन चमचेच असू द्या. वाटीभर कूट घातले की आपण होतो तिथेच आलो.

आता आक्षेप. पहिला आणि सगळ्यांत मोठा आक्षेप असा, की भाकरी कोरडी घशाखाली उतरत नाही. बरोबर आहे. भाकरीला ओलसर काहीतरी हवेच. त्यासाठी पातळ आमटी, ताक किंवा दही आहे. दाक्षिणात्य माणूसही नुसती पोरियल खात नाही, त्याच्या भातावर सांबार नाहीतर रसम असतेच. दोन पदार्थ करायचे म्हणजे काम वाढणार, ही तक्रारही खरी आहे. पण आमटीची डाळ कुकरमध्ये शिजते तोवर भाजी होते, आणि वाटण भाजून वाटायचा वेळ वाचतो. रानात न्यायच्या जेवणाला तर ही भाजी फार सोयीची आहे. फडक्यात भाकरीवर ठेवली तरी सांडत नाही.

दुसरा आक्षेप, “हे मद्रासी खाणे आपल्याला मानवणार नाही.” मराठी माणसे तंजावरला सतराव्या शतकात गेली, तिथे १८५५ पर्यंत भोसल्यांचे राज्य होते आणि त्यांचे वंशज आजही तिथे तमिळ भाज्या खाऊन मराठी बोलत आहेत. त्यांना मानवले, आपल्यालाही मानवेल.

पण म्हणून दक्षिणेकडचे सगळेच जेवण आरोग्याचे, असा अर्थ काढू नये. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मधुमेहाचे प्रमाण ज्या प्रदेशांत सर्वाधिक दिसले त्यांत गोव्याबरोबर पुदुच्चेरी आणि केरळही होते. पांढऱ्या भाताचा डोंगर आणि कडेला दोन चमचे पोरियल असे ताट असेल तर ती दोन चमचे भाजी काय करणार? आपल्या तालुक्यातही आरळा, मणदूरकडच्या भाताच्या पट्ट्यात हे ध्यानात ठेवले पाहिजे. ताटात अर्धी जागा भाजीला, मग उरलेल्या अर्ध्यात भात, भाकरी, डाळ. मधुमेह्याने आधी भाजी खायला सुरुवात करावी आणि भात नंतर घ्यावा.

काही रुग्णांना मात्र वेगळे सांगावे लागते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियमचे पथ्य असू शकते, त्यांनी भाजी वाढवण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. रक्त पातळ होण्यासाठी वॉरफरिन किंवा ॲसिट्रोम घेणाऱ्यांनी पालेभाजीचे प्रमाण एकदम वाढवू किंवा कमी करू नये.

आता पुन्हा त्या शेवटच्या पंगतीकडे येऊ, कारण माझ्या मते या भाजीचा खरा उपयोग तिथे आहे. परतलेल्या भाजीत पाणी घालून ती वाढवता येत नाही. कढईत किती आहे ते सगळ्यांना दिसते. पहिल्या पंगतीने सगळी संपवली तर कढई रिकामी दिसते आणि घरातल्या मोठ्यांना विचारावेच लागते, की सूनबाई कशाशी जेवणार? असे चार वेळा झाले की बाजारातून येताना अर्ध्या किलोचा घेवडा किलोचा होतो. सगळे एकत्र बसून जेवले तर उत्तमच. ते जमत नसेल तर निदान स्वयंपाक करणारीने आपल्या वाट्याची भाजी आधी वाटीत काढून झाकून ठेवावी. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. सासूबाईंनी स्वतः काढून ठेवली तर अधिक चांगले. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईच्या बाबतीत तर हे काम घरातल्या पुरुषाने जातीने करावे.

किलोभर भाजी रोज विकत घ्यायची म्हणजे खर्च आहे, हे मला कळते. हंगामात जी स्वस्त असेल ती घ्यावी, फ्लॉवरच हवा असा हट्ट नको. आणि शेवगा विसरू नये. पुष्कळांच्या बांधावर किंवा घरामागे शेवग्याचे झाड असते. शेंगा आपण मोजून विकतो, पाला मात्र शेळ्या खातात. तमिळ घरांत याच पाल्याची पोरियल करतात. कोवळी पाने देठावरून ओरबाडून घ्यावीत, दोन पाण्यांतून धुवावीत. मूठभर मुगाची डाळ अर्धा तास भिजवून ठेवावी. वर सांगितलेली फोडणी करून त्यात लसणाच्या दोन-तीन पाकळ्या ठेचून टाकाव्यात, मग डाळ आणि थोडे पाणी घालून ती बोटचेपी शिजू द्यावी. शेवटी पाला टाकून पाच-सात मिनिटे वाफ द्यावी. पाला शिजून निम्म्याहून कमी होतो, म्हणून मीठ आधी घालू नये, नाहीतर भाजी खारट होते. चार माणसांना चार मोठ्या ओंजळी पाला घ्यावा. जून पाने कडवट लागतात, तेव्हा शेंड्याकडचीच तोडावीत. पावसाळ्यात ती फुटव्याला भरपूर येतात.